शुगरवाल्याच्या पायाची जखम: लावायच्या आधी काढायचं काय

जखमेवरचं फडकं सोडायच्या आतच माणसं विचारतात, "सिस्टर, ह्याच्यावर लावू काय?" मी कराडच्या बाजूला एका सर्जनांकडे ड्रेसिंग रूम बघते. सगळा ऊसपट्टा. कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडलेला असतो, कुणाला खोडव्याचा बुडखा लागलेला, कुणाला लग्नात घातलेल्या नव्या चपलेनं फोड आलेला. हळद लावून झालेली असते, कसलंसं मलम लावून झालेलं असतं आणि जखम महिनाभर आहे तिथंच आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे. लावायचं मागाहून बघू, आधी काढायचं काय ते बघू. पायावरचा भार काढायचा, कडेचा घट्टा काढायचा, मेलेलं मांस काढायचं, रक्तातली साखर खाली आणायची. मलमाचा नंबर त्यानंतर.

घरात ड्रेसिंगचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, मग ती बायको असो, सून असो, मुलगा असो, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. पेशंटनं वाचलं तरी चालेल, पण पेशंट बहुतेक म्हणतो, "मला काय होत न्हाई."

कातडीच्या आत काय अडतं

हे समजून घ्या, म्हणजे पुढची पथ्यं जाचक वाटणार नाहीत.

निरोगी माणसाला जखम झाली की आधी रक्त गोठतं. मग काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि जंतू मारायला लागतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात. या पेशींना दोन कामं असतात. आधी मेलेल्या पेशी आणि घाण खाऊन टाकायची, आणि ते झालं की आपला स्वभाव बदलून दुरुस्तीच्या पेशींना बोलवायचं. मग फायब्रोब्लास्ट येऊन कोलॅजनचे धागे तयार करतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि जखमेचा तळ लाल, दाणेदार होतो. त्या ओलसर तळावरून कडेच्या केराटिनोसाइट, म्हणजे कातडीचा वरचा थर ज्यांचा बनतो त्या पेशी, चपट्या होऊन चारी बाजूंनी आत सरकतात. दोन्हीकडच्या एकमेकींना भेटल्या की जखम मिटली.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की यातली प्रत्येक पायरी बिघडते. न्यूट्रोफिल उशिरा पोचतात आणि पोचल्यावर जंतू नीट मारत नाहीत. मॅक्रोफेजचा स्वभाव बदलतच नाही, ते पहिल्याच कामात अडकून राहतात, त्यामुळे जखमेची सूज आणि लस थांबत नाही. त्या लशीत प्रथिनं कापणारी विकरं इतकी साठतात की फायब्रोब्लास्टनं तयार केलेलं कोलॅजन टिकत नाही. शिवाय फायब्रोब्लास्ट स्वतःच थकलेले असतात. वाढीचा निरोप शरीरातून आला तरी त्यांना तो नीट पोचत नाही. नव्या रक्तवाहिन्या कमी फुटतात. साखर कोलॅजनला चिकटून ते ताठर होतं ते वेगळंच.

पण बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं ते कडेला. कडेच्या केराटिनोसाइट मेलेल्या नसतात. त्या वाढत असतात, विभागत असतात, फक्त आत सरकत नाहीत. एस.टी.च्या दारातच माणसं उभी राहावीत आणि आतली बाकडी रिकामी राहावीत, तशी गत होते. कडेला थरावर थर चढत जातो. जाड, पांढरट, आत वळलेली कड दिसली तर समजायचं की पेशी दारात अडकल्या आहेत. भरणाऱ्या जखमेची कड वेगळी असते. ती पातळ आणि उतरती असते, आणि आतल्या बाजूला फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेली बारीक रेघ असते. रोज ड्रेसिंग सोडल्यावर पहिली नजर त्या रेघेकडे टाका. पू आहे का हे सगळेच बघतात, कड कुणी बघत नाही.

सर्जन ब्लेडनं ती जाड कड आणि भोवतालचा घट्टा काढतात तेव्हा नातेवाईक हमखास चिडतात: "डॉक्टरांनी जखम मोठी केली की!" मोठी दिसते खरी. पण अडलेल्या पेशींचा थर निघाल्यावरच मागच्या सरकू शकणाऱ्या पेशी उघड्या होतात. तळाचं पिवळं, चिकट, मेलेलं मांसही तेव्हाच निघतं. जंतूंचा थर त्यातच दडून बसलेला असतो. तासताना थोडं ताजं रक्त आलं तर मला बरंच वाटतं. हे काम मात्र घरी करायचं नाही. वस्तरा, नेलकटर, दुकानातली कुरपाची पट्टी, काहीही नाही. त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते चांगली कातडीही जाळतं आणि बधिर पायाला ते कळत नाही. तासायच्या आधी पायात रक्तपुरवठा किती आहे तेही बघावं लागतं.

साखरेबद्दल एक गोष्ट सांगते, कारण निराश होऊन लोक गोळ्या सोडतात. न्यूट्रोफिल जेमतेम काही तास ते काही दिवस जगतात, रोज नवे बनतात. म्हणून साखर आज ताब्यात आली तर जंतूंशी लढायची ताकद थोड्याच दिवसांत सुधारते. कातडीतलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं, त्यावर चिकटलेली जुनी साखर महिन्याभरात निघत नाही. त्यामुळे "शुगर नॉर्मल आली, तरी जखम का भरत नाही?" याचा अर्थ औषध फुकट गेलं असा होत नाही. जखम असेपर्यंत डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं तर घाबरू नका. ते चालू केलं म्हणजे कायमचं लागलं असं नाही.

"ठणकत न्हाई, म्हंजे भरतीया की"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त भीती घालतं. शुगरवाल्याच्या जखमेत दुखणं नसणं ही चांगली खूण नव्हे. पायाच्या नसा मेलेल्या आहेत, एवढंच त्यातून कळतं.

मला हे शिकवलं ते कुष्ठरोग विभागात नोकरी करून आलेल्या एका थोरल्या सिस्टरनी. त्या म्हणायच्या, दोन्ही रोग वेगळे, पण बधिर पाय एकच. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं आपोआप झडतात अशी तेव्हाची समजूत. ब्रँडनी दाखवून दिलं की वेदना कळत नसल्यानं रोजच्या दाबानं, चटक्यानं, लागल्या-खुपल्यानं बोटं जातात. पुढे ते अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर तोच विचार मधुमेही पायांनाही लागू झाला. आज आपण शुगरवाल्याला जी एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, मऊ चप्पल देतो, ती मूळची कुष्ठरोग्यांची.

पाय बधिर आहे का ते घरीच बघता येतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी सोपी रीत काढली आहे. पेशंटला डोळे मिटून झोपवा. तर्जनीच्या टोकानं पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला हलकंच, एक-दोन सेकंद शिवा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. दोन्ही पाय मिळून सहा बोटं झाली. कळलं की पेशंटनं "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर तो पाय धोक्यात आहे असं धरून चाला. जखम नसली तरीही.

बधिर पायाला घामही कमी येतो, म्हणून टाचेला भेगा पडतात. तिथं खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन चालतं. बोटांच्या बेचक्यात मात्र लावू नका. तिथं ओल राहिली की चिखल्या होतात आणि त्यातून जंतू वर चढतात. पावसाळ्यात पाणी धरणाऱ्या, रोपं लावणाऱ्या माणसांनी घरी आल्यावर बेचकी कोरडी पुसणं हे जेवणाआधीचं काम. बायकांनी जोडव्यांखालची कातडी बघायची, तिथं नजर जात नाही.

भार

तळपायाच्या जखमेला सगळ्यात मोठं औषध म्हणजे तिच्यावर पाय न टेकणं. तुम्ही हजाराचं ड्रेसिंग केलंत आणि पेशंट त्याच पायावर गोठ्यात जाऊन आला, तर कडेनं सरकू पाहणाऱ्या पेशी प्रत्येक पावलाला चिरडल्या. नुसता घट्टा काढला तरी त्या जागेवरचा दाब सुमारे पाव भागानं कमी होतो, यावरून काय ते समजा.

सर्वात चांगला उपाय म्हणजे पायाच्या मापाचं प्लास्टर, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. ते काढता येत नाही हाच त्याचा मोठा गुण. पाऊल ते पोटरी असा सगळीकडे भार वाटला जातो. जंतुसंसर्ग जोरात असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर ते घालत नाहीत. मग खास बूट, फेल्टची गादी, वॉकर. यातलं काय, ते डॉक्टर ठरवतील. घरी स्लीपरला भोक पाडून जखम त्या भोकावर ठेवायचा उद्योग करू नका. भोकाच्या कडेचा दाब जखमेच्या कडेवरच येतो.

आणि "मी चालतच नाही" म्हणणारा माणूस रात्री लघवीला उठतो, देवघरात जातो, फाटकापर्यंत जातो, हे सगळं अनवाणी. ही पावलं कुणी धरतच नाही. बूट खाटेशेजारी ठेवा, जमलं तर भांडंही. जखम टाचेला असेल तर झोपताना पोटरीखाली उशी द्या, टाच गादीला टेकता कामा नये. रात्री उघडा पाय ठेवू नका, मोजा घाला. हसू नका, बधिर बोट उंदरानं कुरतडल्याचं सकाळी रक्त बघून कळलेली माणसं असतात.

देवळाचा प्रश्न नाजूक. दुपारी तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून दोन्ही तळवे भाजून आलेले पेशंट उन्हाळ्यात येतातच. माझं मत स्पष्ट आहे, बधिर पायाच्या माणसानं कळसाचं दर्शन घ्यावं. वारीला जायचंच असेल तर जाड मोजे, मापाचे बूट, आणि प्रत्येक मुक्कामाला दुसऱ्याकडून तळवे बघून घ्यायचे.

ड्रेसिंग करताना

हात साबणानं धुवा. सगळं सामान आधी मांडून ठेवा, मधेच कपाट उघडायला जाऊ नका. जुनं गॉझ चिकटलं असेल तर ओढू नका. ओढलं की रात्रीतून सरकलेला पेशींचा पातळ थर त्याच्याबरोबर निघतो. सलाइननं भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग सोडवा. सोडवलेल्या गॉझचा वास घ्या, रंग बघा. मग जखम सलाइनची धार सोडून धुवा. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइनची बाटली मिळते. उघडलेली दुसऱ्या दिवशी वापरू नका. नसेलच तर उकळून गार केलेलं पाणी. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा, जखमेच्या आत पुसत बसू नका.

मग डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग. तत्त्व एवढंच: आत ओलसर, भोवती कोरडं. "मोकळी हवा लागू द्या, खपली धरू द्या" हा सल्ला जुना झाला. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या जखमांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी टाकलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगानं कातडी धरते. केराटिनोसाइटना सरकायला ओल लागते. कोरड्या खपलीखालून त्यांना वाट काढत जावं लागतं. पण गॉझ लशीनं थबथबलं आणि भोवतालची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली तर ओल जास्त झाली, ड्रेसिंग लवकर बदलायला हवं.

याला एक अपवाद आहे, आणि तो विसरू नका. पाय गार आहे, नाडी लागत नाही आणि बोट किंवा टाच वाळून काळी पडली आहे, तर तिथं ओलं काहीही नको. कोरडं ठेवा आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तिथं पेशींना काम करायला रक्तच नाही. अशा पायाला चालताना पोटरीत गोळे येतातच असं नाही, बधिरपणात तेही झाकलं जातं. डॉक्टर डॉप्लर, म्हणजे पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी, करायला सांगतात ते बिल वाढवायला नव्हे.

जखमेवर थेट कापूस नको, त्याचे तंतू आत राहतात. बोटाला चिकटपट्टी गोल आवळून लावू नका, सूज आली की तीच फास होते. आता न लावायच्या गोष्टी. हळद, चुना, तंबाखूची राख, कॉफी पावडर, टूथपेस्ट. हळदीबद्दल माझ्याशी खूप जणी भांडतात. भाजीत घाला, मी नाही म्हणत नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, जखमेत तिचा चिखल होतो आणि मग तळाचा रंगच कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आला की घाण निघाली असं वाटतं, पण तो जंतूंबरोबर फायब्रोब्लास्टही मारतो. स्पिरिटचंही तेच. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं तर बिलकूल नाही, पाणी किती गरम ते त्या पायाला समजत नाही.

अँटिबायोटिक मनानं देऊ नका. संसर्ग नसलेली जखम गोळ्यांनी लवकर भरत नाही.

मोजत राहा

"बरी वाटते" याला माझ्याकडे किंमत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कागदी पट्टी जखमेशेजारी धरून (टेकवून नव्हे) सर्वात जास्त लांबी आणि तिला आडवी रुंदी लिहा. त्याच अंतरावरून, त्याच उजेडात फोटो काढा. समजा तासल्यानंतर जखम ४ सेंटिमीटर लांब आणि ३ रुंद आहे, गुणाकार १२. चार आठवड्यांनी तो ६ किंवा त्याखाली यायला हवा, म्हणजे ३ गुणिले २ एवढी जखम. चार आठवड्यांत निम्मी झाली नाही तर आहे त्याच उपायांनी ती भरण्याची शक्यता कमी. अशा वेळी मलम बदलत बसू नका, डॉक्टरांना विचारा: भार खरंच निघालाय का? रक्त पोचतंय का? हाडाला लागण आहे का? कड पुन्हा तासायला हवी का? या चार प्रश्नांत उत्तर बहुतेक सापडतं.

पोटाकडेही बघा. जखम झाली म्हणून घरचे अंडी, डाळ, दही बंद करतात, "पू होईल" म्हणून. उलट आहे. कोलॅजन प्रथिनांचंच बनतं. मूग, मटकी, अंडी, मासे, ताक, जे परवडतं ते रोज ताटात हवं. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून. तंबाखू, विडी आणि मिश्री बंद. मिश्रीला बायका व्यसन मानतच नाहीत, पण निकोटिन तेच, आणि ते पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं.

वाट बघायची नाही तेव्हा

जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरपेक्षा पुढे लाली पसरली, पाय सुजून गरम झाला, घाण वास आला, थंडी वाजली, कारण नसताना साखर अचानक वर गेली, बोट निळं-काळं पडलं, तळाला पांढरं कडक हाड दिसलं, यातलं एकही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. ताप नाही म्हणून थांबू नका. मोठ्या संसर्गातही शुगरवाल्याला कित्येकदा ताप येत नाही. बाजारचा दिवस आहे, तोडणी चालू आहे, ही कारणं मी ऐकून घेत नाही.

आणखी एक. जखम काहीच नाही, पण एक पाऊल अचानक लाल, गरम, सुजलेलं, आणि दुखणं थोडंसंच. याला मुरगळलं म्हणून तेल चोळू नका. बधिर पायात सांध्याची हाडं ढासळायला लागली की असंच दिसतं, त्याला शार्को पाय म्हणतात. पाय टेकणं लगेच बंद करा आणि दाखवा.

मिटल्यानंतर

जखम मिटली की पेढे येतात, मीही खाते. पण वरून मिटलेली कातडी आतून अजून कच्ची असते. कोलॅजनची मांडणी पुढे कितीतरी महिने चालते आणि व्रणाची ताकद मूळ कातडीच्या जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत जाते, त्यापुढे नाही. मिटलेल्या दर दहा जखमांपैकी साधारण चार वर्षाच्या आत पुन्हा उघडतात. म्हणून प्लास्टर निघाल्याच्या दिवशी शेताला चक्कर नको. चालणं हळूहळू वाढवायचं.

चप्पल मापाची, मागून पट्टा असलेली, एमसीआरची. अंगठ्याची कोल्हापुरी कपाटात राहू दे. माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवा, खडा, खिळ्याचं टोक, गुंडाळलेला मोजा हाताला लागतो, पायाला नाही. तळवा स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा नातवाला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. उजवा आणि डावा तळवा हाताच्या पालथ्या बाजूनं शिवून बघा. कातडीचं तापमान मोजायचा थर्मामीटर असेल तर दोन्हीकडच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक दोन दिवस दिसला की चालणं कमी करा आणि या. जुन्या जागी घट्टा धरायला लागला तर तो तासून घ्यायला या, फुटायची वाट बघू नका. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि भूल द्यावी लागत नाही.